नोटीस सगळ्यांनी वाचली, कळली कोणालाच नाही. स्पष्ट लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

बीविंग_३०२

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे लिहिणारी-वाचणारी माणसं आहेत म्हणून विचारतोय. गेल्या एजीएमला मी फोन घ्यायला दोन मिनिटं बाहेर गेलो आणि परत आलो तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी झालेलो होतो. डोंबिवली, दोन विंग, ४२ फ्लॅट. तेव्हापासून नोटिसा लिहायचं काम माझ्याकडे.

मागच्या शनिवारी संध्याकाळी ही नोटीस लिफ्टजवळच्या बोर्डवर लावली आणि ग्रुपवर पण टाकली:

"सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, कार्यकारिणीच्या सभेत सर्वानुमते ठरल्यानुसार इमारतीच्या जलकुंभांची स्वच्छता करण्याचे योजिले असून सदर काम येत्या रविवारी हाती घेण्यात येणार असल्याने त्या कालावधीत पाणीपुरवठा खंडित राहील तरी सर्वांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे, तसेच टाकीच्या झाकणावर उभ्या असलेल्या वाहनांमुळे कामात अडथळा निर्माण होत असल्याने संबंधितांनी योग्य ती व्यवस्था करावी, अन्यथा होणाऱ्या परिणामांस समिती जबाबदार राहणार नाही."

रविवारी सकाळी ८ ला माणसं आली. गच्चीवरची टाकी रिकामी करून धुतली, ते झालं. खालच्या टाकीच्या झाकणावर दोन गाड्या. एकाचा मालक अलिबागला, चावी त्याच्या खिशात. दुसरा म्हणाला मला वाटलं पुढचा रविवार. एक काकू केसांना मेंदी लावून बसलेल्या आणि नळाला पाणी नाही. ग्रुपवर दुपारपर्यंत जे काय झालं ते इथे लिहीत नाही. मजा म्हणजे मी प्रत्येकाला विचारलं की नोटीस वाचली नव्हती का, तर सगळे म्हणाले वाचली की!

आता मला सांगा, शुद्धलेखनाची चूक नाही, शाळेत मराठीत कायम चांगले मार्क, अध्यक्षांनी पण वाचून छान म्हटलं होतं. मग चुकलं कुठे? लिहिलेलं कळतं म्हणजे त्यात असं काय असतं?

कढीपत्ता

दादा आधी हे बघा की पूर्ण नोटीस एका वाक्यात आहे. मोजले मी, ५९ शब्द, एक पूर्णविराम. 'रविवारी' हा शब्द विसावा आहे आणि 'पाणी' सत्ताविसावा. लिफ्टची वाट बघत उभा असलेला माणूस, हातात दुधाची पिशवी, तो सत्ताविसाव्या शब्दापर्यंत जाईल का? तो 'सन्माननीय सभासदांस' वाचतो, म्हणतो हं काहीतरी सोसायटीचं आहे, आणि लिफ्ट आली की आत जातो. म्हणून त्याने वाचली पण आणि नाही पण, तो खोटं बोलत नाहीये.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं ना, त्यामुळे असून-असल्याने-तरी-तसेच असे डबे जोडत गेलं की गाडी कितीही लांब होते आणि वाचणारा इंजिन कधी येतंय म्हणून बघत बसतो. छोट्या वाक्यात हा त्रास होत नाही, 'रविवारी पाणी बंद' हे पाच वर्षाच्या पोराला कळतं. शेवटी क्रियापद असण्यात काही वाईट नाही, ते दोन-तीन शब्दांनंतर यावं, चाळीस शब्दांनंतर नाही एवढंच.

आणि सगळ्यात भारी शब्द म्हणजे 'संबंधितांनी'. अहो जगात कोणीच स्वतःला संबंधित समजत नाही. पार्किंग नंबर लिहायचे सरळ.

पान_तीनचा_माणूस

मी वीसेक वर्षं पेपरात डेस्कवर होतो. तुमच्यासारखा मजकूर रोज यायचा, कार्यक्रमाच्या बातम्या घेऊन लोक यायचे त्यात पहिल्या चार ओळीत दीपप्रज्वलन, मान्यवर, स्वागत, प्रास्ताविक, आणि नवीन रक्तपेढी सुरू झाली ही खरी बातमी शेवटून दुसऱ्या ओळीत. का? कारण लिहिणारा घडलं त्या क्रमाने लिहितो. तुमच्या नोटिशीत तेच झालंय बघा, आधी सभा झाली, मग ठरलं, मग योजिलं, मग हाती घेणार, मग पाणी बंद. तुमच्या डोक्यातला क्रम तो आहे. वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, मला काय? त्याचं उत्तर वर घ्या आणि सभा-बिभा खाली ढकला, नाहीच लिहिली तरी चालेल, टाकी धुवायला सर्वानुमत कशाला लागतं.

दुसरं म्हणजे तुम्ही वर 'जलकुंभ' लिहिलंय आणि खाली 'टाकी'. मला माहितीये का लिहिलंय. शाळेत शिकवलंय की एकच शब्द परत परत आला की वाईट दिसतं. निबंधात ठीक आहे, एकदा चंद्र एकदा शशी. पण नोटिशीत वेगळा शब्द आला की वाचणाऱ्याला वाटतं ही वेगळी वस्तू आहे. तुमच्याकडे टाक्या खरंच दोन आहेत, वरची आणि खालची, आणि गाड्यांचा प्रश्न फक्त खालचीचा आहे, हे तुमच्या नोटिशीतून मला कळलंच नाही, खाली तुम्ही साध्या भाषेत जी कहाणी सांगितलीत त्यातून कळलं. तुमचा तो पॅरा परत वाचा. 'खालच्या टाकीच्या झाकणावर दोन गाड्या.' किती स्वच्छ वाक्य आहे! लिहिता येतंय तुम्हाला, नोटीस म्हटलं की अंगात कोणीतरी येतंय.

भाऊसाहेब_निवृत्त

अंगात कोण येतं ते मी सांगतो, आमचं खातं येतं 😀 मी सरकारी नोकरीत आवक-जावकपासून सुरुवात केली आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडलो, त्यामुळे 'कळविण्यात येते' वर जरा आमची बाजू पण ऐकून घ्या. कार्यालयाच्या पत्रात 'मी कळवतो' असं नसतं कारण कळवणारा माणूस नसतो, पद असतं. उद्या माझी बदली झाली तरी पत्र उभं राहिलं पाहिजे. टिप्पणी खालून वर जाते, चार टेबलं फिरते, प्रत्येकजण आपली ओळ घालतो, तिथे मी-तू चालत नाही. 'सदर' ची पण चेष्टा होते पण ज्या पत्रात तीन आदेश आणि दोन शासन निर्णय आहेत तिथे सदर कोणतं हे क्रमांक-दिनांक देऊन बांधलेलं असतं म्हणून ते चालतं. तुमच्या नोटिशीत बांधायला काहीच नाही, नुसता सदर लोंबकळतोय. सोसायट्यांनी आमचा कोट घातला, खिशात मात्र काही ठेवलं नाही.

पण एक कबूल करतो. ही कर्मणी भाषा लपायला फार सोयीची असते. 'निर्णय घेण्यात येईल' लिहिलं की कोण घेईल आणि कधी हे विचारायची सोय उरत नाही. आम्ही कितीदा मुद्दाम वापरलंय.

नेमकं लिहिण्याचा खरा धडा मला माहिती अधिकारानं दिला. २००५ चा कायदा आला आणि अर्ज यायला लागले. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. आपल्या राज्याच्या नियमात २०१२ पासून असं आहे की अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत. लोक चिडले, पण मी सांगतो, माझ्या टेबलावर जे चार-चार पानी अर्ज यायचे त्यांना उत्तर देणं टाळणं सगळ्यात सोपं. एक गृहस्थ लिहायचे, आमच्या गल्लीतला रस्ता इतका निकृष्ट का झाला, याला जबाबदार कोण, अधिकारी झोपले होते का. आता 'का' ला उत्तर काय देणार, कायद्यात माहिती म्हणजे जी रेकॉर्डला आहे ती. मत आणि खुलासा कागदावरच नसेल तर तयार करून द्यायचं बंधन नाही. आम्ही शांतपणे लिहायचो, माहिती प्रश्नार्थक स्वरूपात आहे सबब देता येत नाही.

तेच दुसऱ्या एका बाईंचा अर्ज आला, पाच ओळी. अमुक रस्ता, अमुक वर्ष, कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत (एमबी म्हणतात सगळे), अंतिम देयकाची प्रत. बस्स. आमच्या साहेबांनी वाचला आणि पंखा मोठा करायला सांगितला. एक शब्द रागाचा नाही आणि पळायला जागा नाही. तेव्हा कळलं की बाईंना लिहायच्या आधी माहीत होतं की आपल्याला काय पाहिजे, त्या गृहस्थांना फक्त राग आला होता. राग खरा होता, त्यांच्यावर अन्यायच झाला होता, पण कागदावर त्याचं काही झालं नाही.

सरळमार्गी

एवढा काथ्याकूट कशाला, एआयला सांगा लिहून देतो की. मी तुमचीच नोटीस टाकून बघितली. उत्तर आलं: "प्रिय रहिवासी बंधू-भगिनींनो, स्वच्छ पाणी हा निरोगी जीवनाचा पाया आहे. आपल्या सर्वांच्या आरोग्याचा विचार करून..." आणि शेवटी दोन हात जोडलेले इमोजी.

कढीपत्ता

@सरळमार्गी आणि त्यात वेळ किती ते होतं का? नसणारच, कारण मूळ नोटिशीतच वेळ नाहीये! 'त्या कालावधीत' म्हणे. मी पण आत्ता परत वाचली तेव्हा लक्षात आलं. दादा वेळ का नाही लिहिली?

सिस्टर_ओपीडी

मी नर्स आहे, वॉर्डमध्ये बरीच वर्षं काढली. तुमचा 'येत्या रविवारी' वाचून हसले. शनिवारी संध्याकाळी लावलेली नोटीस रविवारी सकाळी वाचली तर येता रविवार कोणता हो? तसंच आपलं 'परवा'. कालच्या आधीचा पण परवा आणि उद्याच्या नंतरचा पण परवा. बोलताना चेहऱ्यावरून कळतं, कागदावर चेहरा नसतो. आणि 'शनिवारी रात्री १२ नंतर', म्हणजे शुक्रवार संपल्यावर की शनिवार संपल्यावर? आमच्याकडे यावरून ऑपरेशनं पुढे ढकलली गेलीत.

एक किस्सा सांगते. पेशंटना आदल्या दिवशी छापील कागद द्यायचे, त्यावर 'रात्री १२ नंतर काहीही खाऊ नये'. एक आजोबा सकाळी आले, विचारलं काही खाल्लंत का, म्हणे छे, पाण्याचा थेंब... नाही म्हणजे चहा घेतला फक्त. ऑपरेशन रद्द. डॉक्टर ओरडले, आजोबा बिचारे म्हणतात चहा खातात का? बरोबरच आहे की! आपल्याकडे चहा घेतात, पितात, चहा म्हणजे खाणं कुठल्या घरात समजतात? कागद लिहिणाऱ्याच्या डोक्यात 'खाणे' मध्ये सगळं आलं होतं, वाचणाऱ्याच्या घरात ते येत नाही. नंतर मी स्वतः पेनने प्रत्येक कागदावर लिहायला लागले, 'चहा नाही, दूध नाही, बिस्कीट नाही'. दिसायला बावळट दिसतं, पण परत तो प्रकार माझ्या वॉर्डात झाला नाही.

आणि एक सवय लावून घेतली. सांगून झालं की 'समजलं ना?' असं कधीच विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. विचारायचं 'आता मला सांगा उद्या सकाळी उठल्यावर तुम्ही काय करणार?' आणि मग गप्प बसून ऐकायचं, जिथे ते अडतात तिथे आपला कागद चुकलाय. तुम्ही पण नोटीस लावायच्या आधी वॉचमन काकांना वाचायला द्या आणि विचारा की रविवारी काय आहे.

आठवणीतले_पेढे

माझं जरा वेगळं मत आहे. तुम्ही सगळे म्हणताय सरळ लिहा सरळ लिहा, पण सरळ लिहिलं की आपल्याकडे ते उद्धट वाटतं. मी आमच्या सोसायटीत एकदा 'कचरा जिन्यात ठेवू नका' असं लिहिलं तर एका आजोबांनी ते स्वतःवर घेतलं आणि वर्षभर बोलले नाहीत. 'ठेवू नये' लिहिलं असतं तर चाललं असतं. तो एक मान असतो. सेक्रेटरी म्हणजे काही साहेब नाही, तिथेच राहायचंय.

पान_तीनचा_माणूस

@आठवणीतले_पेढे मुद्दा चांगला आहे. पण 'ठेवू नये' सुद्धा सरळच आहे की, दोनच शब्द. मान क्रियापदाच्या रूपात ठेवा, लांबीत कशाला. 'गाडी काढावी ही विनंती' यात मान पण आहे आणि काम पण आहे. मला विचाराल तर खरा उद्धटपणा 'परिणामांस समिती जबाबदार राहणार नाही' यात आहे, गोड बोलून सुरुवात आणि शेवटी धमकी, ती पण कसली ते न सांगता. परिणाम म्हणजे काय होणार होतं हो? गाडीवर पाणी उडणार होतं की टो करणार होतात?

बीविंग_३०२

सगळ्यांचे आभार, दोन दिवस ऑफिसात क्लोजिंग होतं म्हणून यायला उशीर झाला.

कढीपत्ता ताई तुम्ही वेळ का नाही लिहिली विचारलंत त्यावर मी बराच वेळ बसलो. खरं कारण म्हणजे मलाच माहीत नव्हती. ठेकेदाराने 'सकाळी येतो' एवढंच सांगितलं होतं, किती वेळ लागेल हे मी विचारलंच नव्हतं, आणि लिहिताना 'त्या कालावधीत' असं आपोआप हातातून आलं आणि मला वाटलं छान झालं. आणि परिणामांचं पण तसंच आहे पान_तीन सर, गाडी नाही काढली तर काय करायचं यावर मीटिंगमध्ये वाद झाला होता, एकजण म्हणाला दंड लावा, दुसरा म्हणाला कोणत्या नियमाने, ते तसंच राहिलं आणि चहा आला. मग मी 'परिणामांस' लिहून मोकळा झालो. म्हणजे जिथे जिथे आमचं ठरलं नव्हतं बरोब्बर तिथे तिथे भारदस्त शब्द आलाय. भाऊसाहेब म्हणाले ती लपायची सोय मी न कळत वापरली.

तर काल आधी ठेकेदाराला फोन केला. खालची टाकी रिकामी करणे, गाळ पंपाने काढणे, घासणे, ब्लीचिंग मारून धुणे आणि परत भरणे, सकाळी ८ ते दुपारी ४ म्हणाला. मग अध्यक्षांशी बोललो, दंड-बिंड नाही, बाहेरगावी जाणाऱ्यांनी चावी वॉचमनकडे द्यायची एवढं ठरलं. ही दोन कामं झाल्यावर नोटीस लिहायला दहा मिनिटं पण लागली नाहीत:

"रविवार, २४ तारखेला पाणी बंद. सकाळी ८ ते दुपारी ४. दोन्ही विंग.
खालची टाकी धुणार आहोत. सकाळी ८ च्या आत पाणी भरून ठेवावे.
पार्किंग ३, ४ आणि ५ : टाकीचे झाकण तुमच्या जागेत आहे. गाडी २३ तारखेला रात्री १० च्या आत गेटजवळ व्हिजिटर पार्किंगमध्ये लावावी ही विनंती. बाहेरगावी जात असाल तर चावी वॉचमनकडे द्यावी.
पाणी आल्यावर पहिली ५ मिनिटे नळ सोडून द्यावा. ते पाणी पिऊ नये, त्याचा चहाही करू नये.
अडचण असेल तर : सेक्रेटरी, बी-३०२."

चहा सिस्टर ताईंकडून उचलला. अध्यक्ष म्हणाले नोटीस वाटत नाही, घरगुती वाटते. मी म्हटलं टाकी पण घरगुतीच आहे.

वॉचमन काकांना दाखवली. त्यांना विचारलं रविवारी काय आहे, तर म्हणाले पाणी बंद, आणि तीन चाव्या माझ्याकडे येणार, पण मला गाडी चालवता येत नाही! हा विचार आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. आता चावी माझ्याकडे द्यायची असं बदललंय.

भाऊसाहेब_निवृत्त

उत्तम मसुदा. फक्त एक लक्षात ठेवा, ही पद्धत एजीएमच्या नोटिशीला जशीच्या तशी लावू नका. तिथे पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, विषयपत्रिका लागते, मागच्या इतिवृत्ताला मंजुरी, हिशेबपत्रकं वगैरे शब्द उपविधीतले तसेच ठेवा, नाहीतर एखादा सभासद उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन जाईल. वरती चार ओळी साध्या भाषेत घाला, कधी, कुठे, कोणत्या विषयावर मत द्यायचंय, आणि खाली तो आमचा कोट.

सिस्टर_ओपीडी

छान झालीये. 'पहिली ५ मिनिटे' मात्र काढा हो, ४२ फ्लॅट ५-५ मिनिटं नळ सोडून बसले तर टाकी परत रिकामी. 'पाणी स्वच्छ दिसेपर्यंत' लिहा, नाहीतर एका बादलीत काढून ती फरशी पुसायला वापरा म्हणावं.

आठवणीतले_पेढे

मान राखून सरळ लिहिता येतं, मान्य. पण एक विचारू का, २४ तारखेला शनिवार आहे ना? कॅलेंडर समोरच आहे माझ्या.

बीविंग_३०२

दोन्ही लिफ्टमध्ये चिकटवून आलोय आत्ताच. आलो.